लांब दांडीमागचा माणूस

तंबाखूचे पाइप दुरुस्त करणं हा माझा व्यवसाय आहे. बर्मिंगहॅममधल्या एका जुन्या तंबाखूच्या दुकानाच्या मागच्या खोलीत माझं लेथ आहे, बफिंगची मोटर आहे आणि तुटक्या, जळक्या, तुंबलेल्या पाइपांनी भरलेले खण आहेत. मी स्वतः पाइप ओढत नाही, कधी ओढलाही नाही. तरीही एखाद्या कारखान्याची नवी रेंज दुकानात ठेवायची असली की मालक नमुने आधी माझ्या टेबलावर आणून ठेवतात. विकणाऱ्याला पाइप नवाकोरा दिसतो. माझ्याकडे तो वर्ष-दोन वर्षं वापरून झाल्यावर येतो, आणि तोपर्यंत त्याचे सगळे गुणदोष बाहेर पडलेले असतात.

गेल्या वर्षी असेच पाच नमुने आले, सगळे लांब दांडीचे. या घाटाला इंग्लंडात चर्चवॉर्डन म्हणतात. साधा पाइप एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १४-१५ सेंटिमीटर भरतो. या पाइपांची नुसती दांडीच २५ सेंटिमीटर होती. तंबाखू भरायचे बाउल ब्रायरचे, म्हणजे भूमध्य समुद्राकाठी उगवणाऱ्या एका झुडपाच्या मुळाशी जी गाठ धरते तिच्या लाकडाचे. दांड्या अॅक्रिलिकच्या, बाक सुरेख, पॉलिश उत्तम. मालकांनी विचारलं, "कसे वाटतात?" मी म्हटलं, थोडे दिवस द्या. या घाटाबद्दल मत बनवायला घाई करू नये, हे मला कामानंच शिकवलं आहे. ते कसं शिकवलं, तेच इथे सांगतो.

मी मूळचा टर्नर. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात ऑइल इंजिनांचे सुटे भाग लेथवर करत माझी पहिली वर्षं गेली. बायको नर्स. तिला इंग्लंडात नोकरी लागली आणि तिच्या मागोमाग मी इथे आलो. इथल्या कारखान्यात जम बसेना. तेव्हा या दुकानातल्या म्हाताऱ्या कारागिराला लेथची जाण असलेला मदतनीस हवा होता. त्यांनी मला एक तुटका टेनन दिला आणि तसाच दुसरा करायला सांगितला. टेनन म्हणजे दांडीच्या टोकाची ती बारीक खुंटी, जी बाउलच्या नळीत घट्ट बसते. मी केला, बसला. पुढची काही वर्षं त्यांनी मला लाकूड वाचायला, जुनी काजळी खरवडायला, पिवळी पडलेली दांडी पुन्हा काळी करायला शिकवलं. ते निवृत्त झाल्यावर ती खोली माझी झाली.

उद्यमनगरातले आमचे मेस्त्री एक गोष्ट सारखी बजावायचे: "पोरा, भोक आधी, रूप मागनं." सिलिंडर असो की बुश, आतलं भोक सरळ आणि मापात नसेल तर बाहेरच्या चकाकीला विचारतो कोण? पाइपच्या धंद्यात आल्यावर या वाक्याचा खरा अर्थ मला कळला. पाइप म्हणजे मुळात हवेची एक वाट. तंबाखू जळते, धूर बाउलच्या तळातल्या भोकातून नळीत शिरतो, तिथून दांडीत आणि दांडीतून तोंडात. ही वाट कुठे अरुंद झाली, कुठे पायरी आली, कुठे सांध्यात पोकळी राहिली, तर पाइप बिघडलाच. आखूड पाइपला थोडीफार चूक खपते. लांब दांडीला ती खपत नाही.

याचं गणितही आहे. नळीतून शांतपणे वाहणाऱ्या हवेला होणारा रोध लांबीच्या पटीत वाढतो, पण व्यास कमी झाला की तो व्यासाच्या चौथ्या घाताच्या पटीत वाढतो. चार मिलीमीटरचं भोक तीनवर आणलं तर रोध तिपटीहून जास्त होतो. म्हणजे दांडी दुप्पट लांब करताना कारागिराच्या हातून भोक थोडंसंही बारीक राहिलं, तर ओढणाऱ्याला दम लावावा लागतो. दम लावला की तंबाखू तापते, जीभ भाजते, आणि दोष तंबाखूवर जातो. मी ओढत नसल्यामुळे मला मोजायची सोय करावी लागली. माशांच्या टाकीचा छोटा पंप, एक पारदर्शक नळी आणि तिच्यात रंगीत पाणी एवढंच साहित्य लागलं. पाइप जोडून पंप हवा ओढू लागला की पाणी किती चढतं ते पाहायचं. चांगल्या आणि वाईट पाइपमधला फरक त्या पाण्यात सरळ दिसतो.

याच खोलीत एका प्रसंगानं माझं लक्ष लांब दांडीकडे कायमचं वळवलं. एका गिऱ्हाइकानं नवा लांब पाइप परत आणला. तक्रार अशी की अर्धा ओढून झाला की आत गुडगुड सुरू होते आणि कडू पाणी तोंडाशी येतं. मागोमाग त्याच घाटाचा दुसरा आला, मग तिसरा. तंबाखू ओली असेल, फार जोरात ओढत असतील, असं दुकानात सगळ्यांचं मत पडलं. मी पंप लावून पाहिला तर हवा ठीक जात होती. शेवटी मालकांची परवानगी घेऊन एक दांडी लेथच्या चकमध्ये धरली आणि उभी चिरली. मधोमध एक पायरी निघाली. ड्रिल दोन्ही टोकांकडून घातलं होतं आणि दोन्ही भोकं मध्ये अर्धा मिलीमीटर चुकून भेटली होती.

लांब, बारीक ड्रिल भरकटतं, हे प्रत्येक टर्नरला माहीत असतं. भोक खोल गेलं की ड्रिलचं टोक मऊ बाजूला कलतं आणि ते थांबवायला वेळ लागतो. मध्येमध्ये बाहेर काढून चुरा झटकावा लागतो, वेग कमी ठेवावा लागतो. तो वेळ वाचवायला दोन्हीकडून ड्रिल करण्याचा मोह होतो. पाइपमध्ये ती पायरी पाणी साठवते. तंबाखू जळताना वाफ तयार होते. धूर गार होत जातो तशी ती वाफ दांडीत पाणी होऊन बसते. दांडी जितकी लांब, तितकं पाणी जास्त. त्याला वाहून बाउलकडे परतायला किंवा पुसून निघायला सरळ वाट हवी. मग ती पायरी कितीही छोटी असो, पाणी तिथे अडतंच.

लांब दांडीनं धूर थंड होतो, असं जवळजवळ प्रत्येक विक्रेता सांगतो. धूर थंड होतो हे खरं, पण तो बहुतेक पहिल्या काही सेंटिमीटरमध्येच होतो. पुढची लांबी उष्णतेपेक्षा ओलावा गोळा करते. लांब दांडीचा खरा फायदा दुसरा आहे: बाउल डोळ्यांपासून लांब राहतो, धूर चष्म्यावर येत नाही, आणि हाताला बसल्याबसल्या टेकायला जागा मिळते. जर्मन लोक तर या घाटाला वाचनाचा पाइपच म्हणतात. पुस्तक आणि डोळे यांच्या मध्ये धूर येत नाही, म्हणून.

बर्मिंगहॅमपासून गाडीनं तासाभराच्या अंतरावर, श्रॉपशरमध्ये, ब्रोझली नावाचं छोटं गाव आहे. मातीचे पाइप करण्यासाठी ते शतकानुशतकं प्रसिद्ध होतं. तिथला शेवटचा कारखाना १९५०च्या दशकाच्या अखेरीला बंद पडला आणि कामगार उठून गेले तसाच राहिला. १९९६ मध्ये त्याचं संग्रहालय झालं. मी तिथे पहिल्यांदा गेलो ते एका दुरुस्तीपुरती माहिती काढायला, आणि मग पुन्हा पुन्हा जात राहिलो. मातीची लांब गुंडाळी करायची, तिच्यातून तेल लावलेली तार टोकापासून बाउलपर्यंत सारायची आणि तारेसकट साच्यात घालून दाबायची, अशी तिथली पद्धत. तार मातीतून पुढे जाताना कारागीर बाहेरून बोटांनी तिचं टोक चाचपत असे आणि भरकटली तर मातीच थोडी वाकवून तिला वाटेवर आणत असे. मला लाकडात आणि इबोनाइटच्या कडक रबरात जे यंत्र लावूनही कठीण जातं, ते ही माणसं बोटांनी करत होती. मातीची दांडी ओठाला चिकटू नये म्हणून तिच्या टोकाला लाखेचा किंवा मेणाचा हात देत.

मातीच्या पाइपांच्या दांड्या काळाबरोबर लांब होत गेल्या. जेम्स राजानं १६०४ मध्ये तंबाखूविरुद्ध पुस्तिका लिहिली तेव्हा इंग्लंडातले पाइप लहान बाउलचे आणि आखूड दांडीचे होते. अठराव्या शतकात ते हातभर झाले. जे. सी. हॅरिंग्टन नावाच्या अमेरिकन पुरातत्त्वज्ञानं १९५४ मध्ये दाखवून दिलं की लांबी वाढत गेली तसं दांडीतलं भोक बारीक होत गेलं. १६२० ते १६५० या काळात बहुतेक दांड्यांचं भोक ८/६४ इंच, म्हणजे सुमारे ३.२ मिलीमीटर असे. १७५० नंतर ते ४/६४ इंचावर, म्हणजे निम्म्यावर आलं. उत्खननात सापडलेल्या दांड्यांच्या तुकड्यांत ड्रिलचे दांडे घालून मापं घ्यायची आणि त्यावरून ती वस्ती कोणत्या काळातली ते ओळखायचं, ही पद्धत तेव्हापासून रूढ झाली. टर्नर म्हणून मला ते वाचताना फार आनंद झाला. भोकाच्या मापावरून इतिहास वाचणारी माणसंही जगात आहेत, असं वाटलं.

एवढ्या बारीक भोकाचे पाइप चालत कसे? याचं उत्तर मातीत आहे. भाजलेली माती ओलावा पिते, इबोनाइट किंवा अॅक्रिलिक थेंबभरही पीत नाही. शिवाय मातीचा पाइप तुंबला की तो जाळून साफ करता येतो. इंग्लंडातल्या खानावळींत लोखंडी सळ्यांचे पाळणे असत. त्यांत वापरलेले पाइप आडवे रचायचे आणि भट्टीत ठेवायचे, की डांबर जळून पाइप पुन्हा पांढरे.

इथून मी दुसऱ्या देशांच्या लांब पाइपांबद्दल वाचू लागलो आणि सगळीकडे तीच गोष्ट सापडली. उस्मानी तुर्कांचा चुबुक एका माणसाच्या उंचीला टेकेल इतका लांब असे, चेरीच्या किंवा चमेलीच्या लाकडाची दांडी, टोकाला अंबर. श्रीमंत घरांत तो भरायला आणि साफ ठेवायला चुबुकजी नावाचा वेगळा नोकर असे. जपानच्या किसेरूला दोन्ही टोकांना धातू आणि मध्ये बांबूची नळी. तिथे राओया नावाचे कारागीर गल्लोगल्ली फिरत. तुंबलेली बांबूची नळी काढून नवी बसवणं हा त्यांचा धंदा होता, आणि पुढे ते वाफेचा बंब असलेली गाडी घेऊन फिरत व वाफेनं किसेरू साफ करून देत. आपल्याकडे हुक्क्याची लांब नळी सांभाळायला हुक्काबरदार असे. अठराव्या शतकात कलकत्त्याच्या इंग्रज साहेबांनीही तो ठेवला होता.

लांब दांडी जिथे जिथे होती, तिथे तिच्यामागे ती साफ करणारा कुणीतरी होता. लांब दांडीची खरी किंमत त्या माणसाच्या श्रमात होती, आणि तो असेपर्यंतच ती दांडी चांगली चालायची. आजच्या नव्या रेंजबद्दल माझं जे काही मत आहे ते सगळं या एका निरीक्षणातून येतं. चुबुकजी गेला, राओया गेला, खानावळीतला पाळणा संग्रहालयात गेला. आज जो लांब दांडीचा पाइप विकतो, त्यानं हे साफ करण्याचं काम कुणावर टाकलं आहे? ते गिऱ्हाइकावर टाकलं असेल, तर त्याला साधनं दिली आहेत का?

हा घाट मधल्या काळात जवळजवळ विसरला गेला होता. दुकानातले जुने लोक सांगतात की १९९०च्या दशकात वर्षाकाठी एखाद-दुसराच खपायचा. मग २००१ मध्ये 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा पहिला चित्रपट आला. त्यातला जादूगार आणि ठेंगू लोक लांब दांडीचे पाइप ओढताना दिसले आणि ज्यांनी आयुष्यात पाइप हातात धरला नव्हता अशी तरुण मुलं दुकानात तसा पाइप मागू लागली. कारखान्यांनी ते ओळखलं. न्यूरेंबर्गच्या १८४८ पासूनच्या वाउएन कारखान्याची 'आउएनलांट' नावाची लांब दांडीची मालिका आहे. अमेरिकेत मिझुरी राज्यात १८६९ पासून मक्याच्या कणसाचे पाइप करणाऱ्या मिझुरी मीरशम कंपनीनं 'कॉबिट' नावाची लांब दांडीची मालिका काढली. मिलानच्या सावीनेली आणि डब्लिनच्या पीटरसन यांच्याकडेही हा घाट आहे. त्यामुळे आज निवड भरपूर आहे.

या नव्या गिऱ्हाइकांमुळे माझ्या टेबलावर एका नव्या तऱ्हेचं काम येऊ लागलं. चित्रपट पाहून पाइप घेतलेला तरुण तो उभ्यानं, दातांत धरून ओढतो. आखूड पाइप तसा धरता येतो. लांब पाइपमध्ये बाउलचं वजन दातांपासून फूटभर लांब लोंबकळतं आणि सगळा ताण टेननच्या मुळावर येतो. मग एक दिवस टेनन तुटतो, किंवा बाउलच्या नळीला उभी चीर जाते. तुटलेला तुकडा नळीतून काढायचा, दांडीच्या टोकात नवं भोक पाडायचं आणि डेलरिन नावाच्या चिवट प्लॅस्टिकचा नवा टेनन बसवायचा, हे काम मी इतकं केलं आहे की आता हात आपोआप चालतात. प्रत्येक वेळी गिऱ्हाइकाला मी एकच सांगतो: हा पाइप बसून, हातात धरून वापरायचा आहे. ज्यांनी ऐकलं त्यांचा टेनन पुन्हा तुटला नाही.

इंग्लंडात १ जुलै २००७ पासून सार्वजनिक बंदिस्त जागेत धूम्रपानाला बंदी आली. त्यानंतर पाइपवाले पबमधून बाहेर पडले आणि पावसात, भिंतीला टेकून उभे राहू लागले. उभ्या माणसाला आखूड पाइप सोयीचा. लांब पाइप त्यामुळे घरातल्या, अंगणातल्या खुर्चीपुरता उरला. हा बदल कुठल्या जाहिरातीत दिसणार नाही, पण दुरुस्तीला येणाऱ्या पाइपांत स्पष्ट दिसतो. आखूड पाइप खिशातल्या किल्ल्यांनी ओरखडलेले, लांब पाइप मात्र सहसा खिडकीत ठेवल्यामुळे उन्हानं हिरवट झालेले.

एक निवृत्त शिक्षक आमच्याकडे येत. हाताला कंप होता आणि खालचे दात गेले होते, त्यामुळे आखूड पाइप तोंडात राहत नसे. त्यांच्या आवडत्या बाउलला मी २२ सेंटिमीटरची इबोनाइटची दांडी करून दिली आणि टोकाशी ती थोडी जास्त रुंद ठेवली. ते खुर्चीच्या हातावर कोपर टेकत, बाउल तळहातात धरत आणि दांडीचं टोक नुसतं ओठांना लावत. काही महिन्यांनी पुन्हा आले तेव्हा त्यांनी जुनी आखूड दांडीही बरोबर आणली होती आणि दोन्ही एकाच बाउलला बसतील अशा करून मागितल्या. चालायला जाताना आखूड, संध्याकाळी लांब. त्यांच्या त्या मागणीतून मला कळलं की लांब दांडी हा वेगळा पाइप मानायची गरजच नाही. एकाच बाउलची ती बसायची वेळ. आज एका बाउलला दोन दांड्या देणारे संच बाजारात मिळतात आणि या घाटात घ्यायचंच असेल तर मी तेच सुचवतो.

दांडी कशाची असावी, यावर दुकानात दोन तट आहेत. इबोनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर. ते दातांना मऊ लागतं, गरम हवेनं सहज वाकतं, पण ऊन आणि हवा लागून त्यातलं गंधक वर येतं आणि ते हिरवट-तपकिरी, कडवट होतं. अॅक्रिलिक वर्षानुवर्षं चकचकीत राहतं, पण दातांना कठीण आणि आपटलं तर तडकतं. आखूड पाइपमध्ये मी दोन्ही समान मानतो. लांब दांडीत मात्र मी इबोनाइटच्या बाजूचा आहे. लांब दांडी दातांत फारशी धरायची नसते, त्यामुळे चावल्याचे डाग तिच्यावर कमी पडतात. आणि तिचा बाक घरच्या माणसाच्या हाताला जुळवून पुन्हा बदलता येतो. वाकवताना मात्र आत पाइप-क्लीनर घालून ठेवायचा, नाहीतर बाहेरून सुरेख दिसणाऱ्या वळणात आतलं भोक चेपतं. बाजारातल्या किती दांड्या त्या एका जागी चेपलेल्या असतात, हे माझा पंप मला सांगतो.

आता जे लिहितो आहे ते लिहिल्याशिवाय हा लेख खोटा ठरेल. माझी बायको डोकं आणि मान यांच्या कर्करोगाच्या वॉर्डात काम करते. माझं आजोळ निपाणीजवळचं. तिथल्या काळ्या जमिनीत विडीची तंबाखू पिकते आणि आजीच्या पिढीतल्या बायका सकाळी मशेरी लावल्याशिवाय चहा घेत नसत. तोंड उघडता न येणारी माणसं मी लहानपणापासून पाहिली आहेत. पाइपचा धूर छातीत घेतला नाही तरी ओठ, जीभ, घसा, फुप्फुस यांना त्याचा धोका राहतोच. लांब दांडीनं, थंड धुरानं, फिल्टरनं तो जात नाही.

काही वर्षांपूर्वी एक मध्यमवयीन गिऱ्हाईक लांब दांडीचा पाइप घ्यायला आलं. डॉक्टरांनी सिगरेट सोडायला सांगितली आहे आणि लांब पाइपचा धूर गाळून येतो असं कुठेतरी वाचलं आहे, असं ते म्हणाले. मी मागच्या खोलीतून बाहेर आलो आणि त्यांना सांगितलं की ही समजूत चुकीची आहे, दांडीत पाणी साठतं ते विष गाळून घेत नाही, आणि डॉक्टरांनी सांगितलं आहे तर पाइपही घेऊ नका. ते काही न घेता गेले. दुकानाचं नुकसान झालं म्हणून मालक नाराज होतील असं मला वाटलं होतं. संध्याकाळी ते म्हणाले, "हे तू बोललास ते मी बोलायला हवं होतं." तेव्हापासून आमच्या दुकानात कुणीही लांब दांडी तब्येतीला बरी असं सांगून विकत नाही. माझ्या कामाच्या आयुष्यातलं हे मोठं वळण होतं. मी दुरुस्ती करतो ती ज्यांनी ठरवलं आहे त्यांच्यासाठी आणि ज्यांना वडिलांची, आजोबांची वस्तू जपून ठेवायची आहे त्यांच्यासाठी. नव्या माणसाला या वाटेवर बोलावणं माझं काम नाही. बायकोशी यावर अजूनही बोलणं होतं आणि तिचं म्हणणं माझ्यापेक्षा कडक आहे. ते कडक असणं बरोबरही आहे.

आता त्या पाच नमुन्यांकडे येतो. मी ते पंपाला लावले, सगळ्यांत ३० सेंटिमीटरचा क्लीनर घालून पाहिला, दुकानातल्या दोन जुन्या गिऱ्हाइकांनी ते काही आठवडे वापरले. तीन घाट चांगले निघाले: भोक सरळ, टेनन नळीच्या तळाशी जवळजवळ टेकलेला, बाउल हलका. चौथ्याच्या दांडीला सर्वांत मोठा बाक होता आणि तिथे क्लीनर दरवेळी अडखळायचा. पाचव्याचा बाउल इतका जड होता की हातात धरला तरी टोक ओठांतून वर उचललं जायचं. तो शोभेला ठीक, वापरायला नाही.

पण मला सगळ्यांत जास्त खटकलं ते डब्यातलं सामान. प्रत्येक डब्यात क्लीनरची एक जुडी होती, नेहमीच्या लांबीची, १५ सेंटिमीटरची. २५ सेंटिमीटरच्या दांडीत तो दोन्हीकडून घातला तरी जोर लावून बाहेर खेचता येत नाही आणि मधलं डांबर आतच राहतं. ज्यानं हा डबा भरला त्यानं पाइप विकल्यानंतरचा दुसरा दिवस डोळ्यांसमोर आणला नव्हता. मी मालकांना लेखी मत दिलं: पहिले तीन ठेवा, चौथा बाक कमी करून आला तर ठेवा, पाचवा नको. डब्यात लांब क्लीनर मागा, सुटी दांडी वेगळी विकायला मागा, आणि थंड धुराबद्दल एक शब्दही छापू देऊ नका. कारखान्यानं लांब क्लीनरचं लगेच मान्य केलं. सुट्या दांडीबद्दल बरीच पत्रं झाली आणि शेवटी त्यांनी तीही द्यायचं कबूल केलं. चौथ्या घाटाचा बाक त्यांनी बदलला नाही, आणि आम्ही तो ठेवला नाही.

मला विचारलं तर नव्या रेंजची पारख तिच्या रूपावरून, लाकडाच्या रेषांवरून किंवा कारखान्याच्या जुन्या नावावरून होत नाही. ज्यांनी आधीच पाइप वापरायचं ठरवलं आहे आणि ज्यांना लांब दांडीच हवी आहे, त्यांनी काउंटरवर दोन गोष्टी कराव्यात. ३० सेंटिमीटरचा क्लीनर मागून घ्यावा आणि तो टोकापासून बाउलच्या तळापर्यंत न अडखळता जातो का ते स्वतःच्या हातानं पाहावं. मग विचारावं की ही दांडी तुटली तर अशीच दुसरी मिळेल का आणि कोण बसवून देईल. विकणाऱ्याकडे याची सरळ उत्तरं असतील, तर त्या पाइपमागे कुणीतरी उभा आहे. नसतील, तर पाइप कितीही देखणा असो, तो परत काउंटरवर ठेवावा.